गणिताचा शिक्षक नेमायचाय, पण पारखायचा कसा?

दुधनाकाठ

मंडळी, राम राम.

परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातली अनुदानित माध्यमिक शाळा, आठवी ते दहावी, मराठी माध्यम. मी संस्थेच्या कार्यकारिणीवर आहे, एरवी शेती. आमचे गणिताचे सर मे महिन्यात निवृत्त झाले. तेव्हापासून दहावीचं बीजगणित विज्ञानाच्या मॅडम घ्यायल्यात आणि भूमिती इतिहासाच्या सरांकडं आहे. इतिहासाचे सर माणूस प्रामाणिक. गाइड टेबलावर ठेवून प्रमेय फळ्यावर उतरवतात, पोरं वहीत उतरवतात. कुणी मधेच 'सर, हे कसं आलं' विचारलं की 'पाठ कर, येतंच परीक्षेला'. त्यांचा तरी काय दोष?

आता पद भरायला परवानगी मिळेल अशी चिन्हं आहेत. भरती पवित्र पोर्टलवरूनच, म्हणजे शासनाच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरूनच होणार हे माहीत आहे. विचारायचं ते असं की पोर्टलवर 'मुलाखतीसह' घ्यावं की 'मुलाखतीशिवाय'? मुलाखत घेतली तर विचारायचं काय? आमच्या कार्यकारिणीत दोन शेतकरी, एक कृषी सेवा केंद्रवाला, एक वकील आणि अध्यक्ष म्हणजे जुन्या मॅट्रिकचे आप्पा. गणित कळणारं कुणी नाही. शिवाय आलेला माणूस टिकवायचा कसा? आमच्या शेजारच्या शाळेत विज्ञानाचे एक सर आले, वर्षभर परभणीहून अप-डाऊन केलं आणि गेले.

एक आधीच सांगतो, म्हणजे त्यावर पानं भरायला नकोत. देणगी घ्यायची नाही. बैठकीत ठरलंय, ठराव लिहिलाय.

बालाघाटी

ठराव लिहिलाय हे वाचून बरं वाटलं. पण जाहिरात निघू द्या, गावात पहिला प्रश्न येईल 'रेट काय चाललाय?' आणि दुसरा प्रश्न तुमच्याच एखाद्या सदस्याच्या साडूकडून येईल. तयारी ठेवा.

कारकून_माध्यमिक

दुधनाकाठ, 'परवानगी मिळेल अशी चिन्हं' म्हणजे नेमकं काय? कागदावर कुठं आहात ते सांगा. मी एका संस्थेच्या कार्यालयात आहे, हे सगळं हातावरून गेलेलं आहे.

आधी संचमान्यता बघा, म्हणजे पटावरून शाळेला शिक्षकांची किती पदं मंजूर होतात ते. 30 सप्टेंबरचा पट धरतात आणि त्यात आधार जुळलेलीच मुलं मोजली जातात. 15 मार्च 2024च्या शासन निर्णयानंतर नववी-दहावीचा पट वीसच्या खाली गेलेल्या शाळांचे हाल झालेत, तेव्हा आपली संख्या तपासून घ्या. पद मंजूर दिसलं तरी जिल्ह्यात अतिरिक्त शिक्षक असेल तर आधी त्याला त्या जागी घ्यायचं, म्हणजे समायोजन. ते नसेल तर बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचं त्याची नोंद) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, मग पोर्टलवर जाहिरात. निवड झाली की शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, त्यानंतर शालार्थ आयडी, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला क्रमांक, आणि मग कुठं पगार सुरू.

संचमान्यतेत किती पदं ते येतं. त्यातलं कोणतं पद कोणत्या विषयाचं, हे शाळेनं कार्यभार दाखवून ठरवायचं असतं. छोट्या शाळेत गणित आणि विज्ञान एकाच माणसाकडं जातं. तुमच्याकडं विज्ञानाच्या मॅडम आहेत म्हणता, तर जाहिरातीत विषय 'गणित' असाच टाका. नाहीतर वनस्पतिशास्त्राचा पदवीधर येऊन बसेल आणि तुम्ही पुन्हा इथंच धागा काढाल. बी.एस्सी. बी.एड. म्हटलं की झालं असं समजू नका. पदवीला गणित होतं का आणि बी.एड.ला अध्यापन पद्धती कोणती घेतली होती, दोन्ही बघा.

आणखी एक. पोर्टलवर सहावी ते आठवी हा गट वेगळा आणि नववी-दहावी वेगळा. आठवीपर्यंतच्या गटाला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागते, नववी-दहावीला लागत नाही. तुमचं पद कोणत्या गटातलं आहे ते आधी नक्की करा.

गोदाकाठची

मी उमेदवाराच्या बाजूनं लिहिते. बी.एस्सी.ला गणित, नांदेडच्या विद्यापीठातून. बी.एड. झालंय. पोर्टलच्या भरतीसाठी जी अभियोग्यता चाचणी असते ती 2023लाही दिली आणि 2025लाही.

बाहेरच्यांना वाटतं की एवढी मोठी चाचणी आहे तर गणिताच्या शिक्षकाचं गणित तपासत असतील. नाही. 200 प्रश्न, 120 मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. 120 गुण अभियोग्यतेला, 80 बुद्धिमत्तेला. त्यात गणितीय क्षमता आहे, पण ती शेकडेवारी, काळ-काम-वेग अशी, आणि मराठीच्या उमेदवाराला, इतिहासाच्या उमेदवाराला, मला, सगळ्यांना तीच. मी दहावीला समरूपता कशी शिकवीन हे त्या संगणकाला कधी कळलंच नाही.

तरीसुद्धा मला विचाराल तर मुलाखतीशिवायच घ्या. कडू वाटेल, पण प्राधान्यक्रम भरताना आम्ही 'मुलाखतीसह'च्या संस्था खाली ढकलतो. कारण असंय की अशा एका संस्थेत मी गेले होते. समितीतल्या एकानं माझ्याकडं न बघता शेजारच्याला विचारलं, 'आपलं ते पोरगं आलंय का?' पाठ घ्यायला सांगितलाच नाही. गाव कोणतं, सासर कुठं, नवरा काय करतो, एवढंच विचारलं. संस्थेचं नाव लिहीत नाही. पोर्टल काढलं 2017 साली ते याच दुकानदारीला आळा घालायला. आता तुम्हीच म्हणता दार थोडं उघडं ठेवतो. तुमचा हेतू चांगला असेलही, आम्हाला तो लांबून कसा दिसणार?

बालाघाटी

+१. 'आपलं ते पोरगं' हे वाक्य महाराष्ट्रात कुठंही चालतं, भाषांतराची गरज नाही.

खडूफळा

निवृत्त गणित शिक्षक, लातूर विभाग. गोदाकाठची यांचं म्हणणं खरं आहे आणि त्यांचा राग रास्त आहे. पण मुलाखतीशिवाय घेऊन तुम्हाला मिळणार काय, तर 36 सेकंदांत प्रश्न सोडवणारा. तो उत्तम शिक्षक असेलही. नसला तर त्याच्या पुढची पंचवीस-तीस वर्षं तुमच्या गावातल्या प्रत्येक पोरानं भरायची. म्हणून मी म्हणेन मुलाखत घ्या, पण खोलीत घेऊ नका. वर्गात घ्या.

कार्यकारिणीत गणित कळणारं कुणी नाही याची फार चिंता करू नका. शेजारच्या शाळेतला एखादा चांगला गणित शिक्षक परीक्षक म्हणून बोलवा. बाकी सदस्यांनी फळ्याकडं बघायचंच नाही, पोरांकडं बघायचं.

उमेदवाराला 'तुमच्या आवडीचा घटक घ्या' म्हणू नका. आवडीचा घटक सगळ्यांचा पाठ असतो. पायथागोरस येतो, रंगीत खडू येतात, पुठ्ठ्याचा त्रिकोण येतो आणि वीस मिनिटं कशी गेली कळत नाही. त्याऐवजी घटक तुम्ही द्या, अर्धा तास आधी. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय द्या, म्हणजे त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा बाकीच्या दोन बाजूंना सारख्याच प्रमाणात विभागते ते. पुस्तकात त्रिकोण पायावर उभा असतो आणि समांतर रेषा आडवी असते. उमेदवाराचं शिकवून झालं की पाहुण्या परीक्षकानं उठून तोच त्रिकोण उलटा काढायचा, टोक खाली, समांतर रेषा तिरकी, अक्षरं बदललेली, आणि म्हणायचं 'सर, पोरांना यात तेच प्रमेय दाखवा.' पोरं गोंधळणारच, दरवर्षी गोंधळतात. उमेदवार त्या गोंधळाचं काय करतो ते बघायचं. काही जण घाईघाईनं स्वतःच गुणोत्तर लिहून मोकळे होतात. चांगला शिक्षक एका पोराला पुढं बोलावून विचारतो, 'यातली समांतर रेषा कोणती? ती कोणकोणत्या बाजूंना छेदते?' आणि खडू त्याच्या हातात देतो.

दुसरी गोष्ट याहून सोपी. एक चुकलेलं उत्तर तपासायला द्या. पोरानं लिहिलंय: क्षचा वर्ग बरोबर 5 क्ष. दोन्ही बाजूंना क्षनं भागलं. क्ष बरोबर 5. उत्तर संपलं. आता या पोराला काय सांगाल? बहुतेक जण लाल पेनानं शेजारी बरोबर पद्धत लिहून देतात: 5 क्ष डावीकडं घ्या, अवयव पाडा, उत्तरं 0 आणि 5. यात चूक काहीच नाही. पण पोराला आपलं काय चुकलं ते कळलेलंच नसतं, तो पुढच्या वेळी पुन्हा भागणार. मी एकदा परीक्षक असताना एका मुलीनं वेगळं केलं. ती म्हणाली, 'मी त्याला सांगेन, क्षच्या जागी 0 ठेवून बघ.' शून्य बरोबर शून्य, समीकरण जुळतं. 'मग हे 0 तुझ्या उत्तरात का नाही? कोणत्या ओळीत हरवलं ते शोध.' पोरगं वर जात जात त्या भागाकाराच्या ओळीवर येऊन थांबतंच. क्ष शून्य असू शकतो, आणि शून्यानं भागता येत नाही. त्या मुलीचं निम्मं बोलणं झाल्यावरच मी गुण लिहून टाकले होते.

शिकवणीवाला

लातुरात क्लास चालवतो, अकरावी-बारावीचा. खडूफळा सरांशी सहमत, एक भर घालतो.

लोक मला फोन करून विचारतात, 'तुमच्याकडचा एखादा हुशार पोरगा द्या शाळेवर.' देऊन उपयोग नाही. आमच्याकडं शिकवणाऱ्याची सवय वेगळी असते. समोर निवडून आलेली पोरं, सगळ्यांना परीक्षा फोडायची आहे, वेग हाच गुण. अशा माणसाला तुमच्या आठवीच्या वर्गात उभं केलं तर तो पहिल्याच आठवड्यात पुढच्या दोन बाकांना घेऊन निघून जाईल. मागचे पंचवीस तिथंच.

आणि पैशाचं स्पष्ट बोलू. शिक्षण सेवक म्हणून पहिली तीन वर्षं माध्यमिकला 18,000 रुपये मानधन. 1 जानेवारी 2023च्या आधी तर 8,000च होतं. ज्याला खरंच गणित येतं, त्याला लातूर, नांदेड, संभाजीनगरात क्लासवाले याहून बरे पैसे देतात. तेव्हा जो तुमच्याकडं येईल तो नोकरीच्या शाश्वतीसाठी येईल. त्यात वाईट काही नाही, पण भाबडेपणा नको.

बालाघाटी

आता गंभीरपणे लिहितो. मी बीड जिल्ह्यात शिक्षक आहे, विषय गणितच.

खडूफळा सरांची उदाहरणं दहावीची आहेत, उत्तम आहेत. पण आमच्या वर्गातली खरी गोष्ट दहावीच्या पुस्तकात नाही. आमच्या निम्म्या पोरांचे आईबाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला साखर कारखान्याला जातात. काही पोरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही कोयत्याबरोबर जातात. ती परत येतात तेव्हा दहावीची परीक्षा तोंडावर किंवा होऊन गेलेली, आणि आठवी-नववीची सगळी इमारत मधूनच गळलेली. नववीच्या पोराला अपूर्णांकांची बेरीज येत नाही, हे तुमच्या उमेदवाराला दिसलं पाहिजे आणि त्याला त्याची लाज वाटता कामा नये.

तर पाठ घ्यायला लावाल तेव्हा वर्गातल्या एखाद्या पोराला हे उदाहरण घालायला सांगा: अर्धा अधिक पाव. पोरगं वरचे वर, खालचे खाली मिळवून दोन षष्ठांश लिहितं. दरवर्षी लिहितं. उमेदवार लसावि काढायला सांगेल, तेही बरोबर. पण मी माझ्या वर्गात विचारतो, 'एक एकर म्हणजे गुंठे किती?' चाळीस, हे पहिलीतल्या पोरालाही माहीत असतं. अर्धा एकर किती? वीस. पाव? दहा. दोन्ही मिळून? तीस. आता तुझं दोन षष्ठांश म्हणजे तिसरा हिस्सा, तेरा गुंठे अन् वर थोडं. 'अर्धा एकर होता, त्यात पाव एकर घेतला अन् राहिले तेरा गुंठे? कुणी बळकावले रे?' वर्ग हसतो आणि पोरगं स्वतः खोडायला लागतं. लसावि त्यानंतर काढा, तो मग कशासाठी हे कळतं.

ज्याला गुंठा माहीत नाही त्यानं दुसरं काहीतरी शोधावं, हरकत नाही. पण पोराचं उत्तर पोराच्याच हिशेबात चुकीचं ठरवून दाखवता आलं पाहिजे.

गोदाकाठची

खडूफळा सर, बालाघाटी सर, असा पाठ कुणी घ्यायला लावणार असेल तर मी आनंदानं येईन. माझी हरकत पाठाला नव्हतीच.

पण मग अटी ऐका. घटक सगळ्या उमेदवारांना एकच द्या. वर्ग खरा असावा, सदस्यांना बाकावर बसवून 'आम्हीच विद्यार्थी' हा खेळ नको. गुण कशाला किती ते आधी कागदावर द्या. आणि पाठ संपला की त्याच दिवशी, आमच्यासमोर, गुण जाहीर करा. घरी जाऊन 'चर्चा करून कळवतो' म्हणालात की आम्ही समजायचं ते समजतो. महिला उमेदवाराला नवरा काय करतो हे विचारायचं नाही, हेही लिहून ठेवा. मुक्कामाला येऊ का, तालुक्याला राहू का, हे विचारा, ते पुरुषांनाही विचारा.

कारकून_माध्यमिक

मॅडमच्या अटी योग्यच आहेत. मुलाखत आणि पाठाच्या गुणांबद्दल पोर्टलवर सूचना असतात. आपल्या मनानं वेगळी गुणपद्धत काढू नका, त्यातच बसवा, नाहीतर मान्यतेच्या वेळी फाइल अडकते. निवडलेल्या आणि न निवडलेल्या प्रत्येकाचा गुणतक्ता सहीनिशी ठेवा. उद्या कुणी शिक्षणाधिकाऱ्यांकडं गेलं, कोर्टात गेलं, तर तोच कागद कामाला येतो. पाठाचं चित्रीकरण करून ठेवलंत तर आणखी बरं.

पालक_जिंतूर

मी साधा पालक आहे. माझी मुलगी दहावीला आहे, अशाच रिकाम्या पदाच्या शाळेत. तुम्ही सगळे पुढच्या माणसाबद्दल बोलायलेत, यंदाच्या पोरांचं काय? बीजगणिताला 40, भूमितीला 40, अंतर्गत 20. अंतर्गतचे गुण शाळा देईल, बाकीच्या 80चं काय करायचं लेकरांनी? आम्ही शिकवणी लावली, तालुक्याला जावं लागतं. पोरगी संध्याकाळच्या एसटीनं परत येते, अंधार पडलेला असतो. सगळ्यांना हे जमत नाही. तिच्या दोन मैत्रिणींनी गणित सोडल्यातच जमा केलंय.

खडूफळा

जिंतूरचे दादा बरोबर बोलले. दुधनाकाठ, पोर्टलचं होईल तेव्हा होईल. संस्थेच्या खर्चानं आत्ताच तासिकेवर माणूस घ्या. तुमचे निवृत्त झालेले सर गावातच राहतात का? जिल्हा परिषदेच्या शाळांतसुद्धा 2023मध्ये शासनानं निवृत्त शिक्षकांना 20,000 रुपये मानधनावर तात्पुरतं बोलावलं होतं. तुम्ही खाजगी संस्था, तुमचं तुम्हाला करावं लागेल. पण दहावीला आठवड्यातले चार दिवस तरी खरा गणिताचा तास मिळाला पाहिजे.

शिकवणीवाला

निवृत्तांना बोलवा, पण नवा आला की दोघांना काही महिने एकत्र ठेवा. नवा माणूस पहिल्या वर्षी वर्ग आवरण्यातच दमतो.

दुधनाकाठ

सगळ्यांचे आभार. काल रात्री बैठक झाली, हा धागा वाचून दाखवला. गुंठ्याच्या उदाहरणाला आप्पा एवढे हसले की पुढचा विषय दहा मिनिटं निघाला नाही.

ठरलं ते लिहितो. 'मुलाखतीसह' घ्यायचं. पाठ नववीच्या खऱ्या वर्गावर, घटक सर्वांना एकच, अर्धा तास आधी. चुकलेलं उत्तर तपासायला द्यायचं. परीक्षक म्हणून सेलूकडच्या एका शाळेतले गणिताचे सर यायला तयार आहेत, त्यांचं आमच्या गावात कुणी नातलग नाही, हे मुद्दाम बघितलं. गुण त्याच दिवशी जाहीर. मागच्या बाकांवर पालक बसतील, बोलायचं मात्र नाही. वकीलसाहेबांनी आधी विरोध केला. 'पालकांना काय कळतं गणितातलं' म्हणाले. मी म्हणालो, आपल्याला तरी काय कळतं?

निवृत्त सरांना सांगितलं. ते सोमवारपासून दहावीचा तास घेणार आहेत, मानधन नको म्हणाले, पण ते द्यायचंच असं ठरलंय. फुकटचं काम चार दिवस होतं.

टिकवण्याबद्दल म्हणाल तर शाळेमागं दोन खोल्या आहेत, जुन्या वसतिगृहाच्या. छत दुरुस्त करून, पाण्याची टाकी बसवून त्या शिक्षकाला नाममात्र भाड्यानं द्यायच्या. परभणी आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, रस्ता असा की माणूस शाळेत पोचेपर्यंत निम्मा दमतो. राहायला जागा असेल तर निदान पावसाळ्यात तरी मुक्काम करेल. शिवाय मानधनाच्या तीन वर्षांत त्याच्यावर खिचडीचे हिशेब, बीएलओ म्हणजे मतदार यादीचं काम, असली कामं शाळेकडून टाकायची नाहीत, असं मुख्याध्यापकांना सांगितलंय. शासनानं टाकली तर इलाज नाही.

गोदाकाठची

जाहिरात निघाली की इथं कळवा. खोल्यांना दरवाजाला आतून चांगली कडी आहे का, तेही बघून ठेवा.

दुधनाकाठ

ताई, कडी बसवतो. खिडकीला जाळीही.

कारकून_माध्यमिक

सगळं छान, पण पद कोणत्या प्रवर्गासाठी निघतंय ते तुम्ही अजून लिहिलं नाही. 2024च्या कायद्यानं एसईबीसीचं, म्हणजे मराठा समाजाचं, 10 टक्के आरक्षण आलं, त्यानंतर बिंदू बदललेत. तुमची बिंदुनामावली त्यानुसार तपासून झाली आहे का? गोदाकाठची मॅडम असोत की आणखी कुणी, अर्ज करता येईल की नाही ते त्यावरच ठरणार.

दुधनाकाठ

ती फाइल मुख्याध्यापक शोधायलेत. आधीच्या क्लार्कनं कोणत्या कपाटात ठेवली ते कुणाला सांगता येईना.

कारकून_माध्यमिक

मग छताचं काम राहू द्या, आधी कपाट उघडा. नाही सापडली तर मान्यतेची जुनी पत्रं आणि सेवापुस्तकं घेऊन नव्यानं बांधावी लागेल. कोण कोणत्या बिंदूवर, कोणत्या तारखेला लागलं, सगळं. मला व्यनि (खाजगी निरोप) करा, नमुना पाठवतो.